अटक झाली, पुढे काय?

लहान लेकराचा कुणी जीव घेतला, ही बातमी आली की सगळं गाव सुन्न होतं. आपल्या वऱ्हाडात शेजारचं पोट्टंही घरच्यासारखंच वाढतं. ते वेळेवर घरी आलं नाही, तर त्याची आई एकटी शोधत फिरत नाही, अख्खी गल्ली बॅटऱ्या घेऊन बाहेर पडते. म्हणूनच त्या लेकराचं काही बरंवाईट झालं, तर दुःख एका घराचं राहत नाही आणि संतापही एका घराचा राहत नाही. पहिल्या दिवशी जो तो एकच विचारतो, ‘पकडलं का कुणाला?’ मग बातमी येते, संशयिताला अटक झाली.

आता खरं तर राग थोडा निवायला हवा. प्रत्यक्षात तो वाढतो. कारण तोवर राग नुसताच होता, अटकेनं त्याला एक चेहरा मिळतो, नाव मिळतं, जात आणि पत्ताही मिळतो. ठाण्यासमोर गर्दी जमते. ‘आमच्या ताब्यात द्या’ अशी मागणी होते. बाजारपेठ बंद होते. कोर्टात नेताना पोलिसांना आरोपीभोवती कडं करावं लागतं. आणि चार-सहा दिवसांनी सगळं शांत होतं.

या रागाबद्दल आज थोडं बोलू या. राग वाईट असतो, असा उपदेश करायचा नाही. लेकराच्या खुनावर ज्याला राग येत नाही, त्याच्याशी काय बोलावं? प्रश्न वेगळा आहे. या रागानं त्या लेकराला न्याय मिळतो का? मिळत असेल तर कोणत्या वाटेनं? आणि कधी कधी याच रागामुळे न्याय हुकतो का?

आपल्या भागाचाच अनुभव पाहू. १३ जुलै २०१६ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डी गावात एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपी लवकरच पकडले गेले. तरी राज्यभर लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अकोल्यात आणि अमरावतीत प्रचंड मूक मोर्चे निघाले. एवढी माणसं, पण घोषणा नाही, दगडफेक नाही. वऱ्हाडानं पाहिलेलं रागाचं ते फार शिस्तीचं रूप होतं. त्या मोर्चांत पुढं आरक्षणाची आणि अॅट्रॉसिटी कायद्यातल्या बदलाची मागणीही आली. आरोपी दलित असल्यामुळे दलित वस्त्यांमध्ये अस्वस्थता पसरली. एका मुलीसाठी आलेला राग पुढं कुठं कुठं वळतो, हेही तेव्हा दिसलं.

खटला मात्र आपल्या वाटेनं चालला. तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र दाखल झालं. मध्ये एकदा न्यायालयाच्या आवारातच आरोपींवर हल्ल्याचा प्रयत्न झाला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी सत्र न्यायालयानं तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. घटनेपासून निकालापर्यंत साडेसोळा महिने लागले. आपल्याकडच्या खटल्यांचा वेग पाहता हे लवकरच म्हणायचं. आता विचार करा, त्या दिवशी आवारात हल्ला करणारे यशस्वी झाले असते, तर त्या मुलीच्या आईबापांना न्यायालयाचा निकाल कधी ऐकायला मिळाला असता का?

दुसरं उदाहरण याहून जवळचं. ऑगस्ट २०१६ मध्ये अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या पिंपळखुटा इथं आश्रमात राहून शिकणाऱ्या एका मुलाचा गळा चिरण्यात आला. नशिबानं लेकरू वाचलं. नरबळीचा प्रयत्न झाल्याचा संशय आला, काही जणांना अटक झाली. तेव्हा लोकांचा राग काय म्हणत होता? ‘हात कुणाचे ते कळलं, डोकं कुणाचं ते शोधा.’ म्हणजे अटकेवर समाधान न मानता तपास आणखी वर न्या, अशी ती मागणी होती. तपास पुरा करा, असं सांगणारा राग आणि माणूस ताब्यात द्या, असं सांगणारा राग, या दोन्हींतला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अटक म्हणजे नेमकं काय?

आपल्या बोलण्यात ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ हे शब्द एकाच अर्थानं येतात. कायद्यात तसं नाही. अटक म्हणजे पोलिसांचा संशय. तो सकारण असायला हवा, पण संशयच. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत त्या माणसाला दंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावं लागतं. पोलिस कोठडी जास्तीत जास्त पंधरा दिवसांची मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार खुनासारख्या गुन्ह्यात हे पंधरा दिवस पहिल्या साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यानंही घेता येतात. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मग गुन्हा कितीही भयंकर असो.

हा नव्वदावा दिवस फार महत्त्वाचा. मोर्चा निघतो तिसऱ्या दिवशी, मेणबत्त्या लागतात पाचव्या दिवशी. नव्वदाव्या दिवशी दोषारोपपत्र नीट भरलं का, साक्षीदार किती, प्रयोगशाळेचा अहवाल आला का, हे विचारायला कुणी नसतं. आरोपीचं पुढं काय व्हायचं, ते मात्र बरंचसं त्या कागदांवर ठरत असतं.

आता राग तपासाला कशी घाई करायला लावतो, ते पाहा. ८ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीजवळच्या गुरुग्राममध्ये एका मोठ्या खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरून खून झाला. त्याच दिवशी पोलिसांनी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला. त्यानं गुन्हा कबूल केल्याचं सांगितलं गेलं आणि कॅमेऱ्यांपुढंही ते वदवलं गेलं. संतापलेल्या पालकांनी शाळेवर धडक दिली, जवळचं दारूचं दुकान जाळलं, पोलिसांनी लाठीमार केला. या माणसाचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, अशी भूमिका तिथल्या वकील संघटनांनी घेतली. सगळ्या देशानं त्या कंडक्टरला गुन्हेगार ठरवून टाकलं होतं.

मुलाच्या वडिलांना मात्र ही गोष्ट पटली नव्हती. त्यांनी सीबीआय चौकशीची मागणी लावून धरली. सीबीआयनं तपास हाती घेतला आणि नोव्हेंबरमध्ये त्याच शाळेतल्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. कंडक्टरला जामीन मिळाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं त्याला आरोपमुक्त केलं. मारहाण करून आपल्याकडून कबुली घेतली, असं त्यानं सांगितलं. पुढं सीबीआयनं हरियाणाच्या चार पोलिसांवरही, निरपराध माणसाला गोवल्याबद्दल, दोषारोपपत्र ठेवलं.

या गोष्टीत सगळ्यांत जास्त दुःख कुणाचं होतं? त्या बापाचं. आणि सगळ्यांत कमी घाई कुणी केली? त्यानंच. गर्दीला कुणीतरी हवा होता, बापाला खरा माणूस हवा होता. चुकीची अटक झाली की एका निरपराध माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं, हे तर आहेच. पण त्याहून साधी गोष्ट अशी की, तोवर खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि तो आपल्या-तुपल्या लेकरांच्या आसपासच वावरत असतो.

कबुली पुरेशी का नसते?

पुष्कळांना कोडं पडतं, ‘अहो, त्यानं कबूल केलं ना? मग खटला कशाला?’ इंग्रजांच्या काळापासून आपल्या पुराव्याच्या कायद्यात एक नियम आहे आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. पोलिसांपुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. कारण उघड आहे. कोठडीत दांडक्याच्या धाकानं माणूस काहीही कबूल करतो. पण याच नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. आरोपीनं सांगितलेल्या माहितीवरून पोलिसांना एखादी नवी वस्तू सापडली, म्हणजे लपवलेलं हत्यार, कपडे, मृतदेह, तर त्या शोधाशी जोडलेलं तेवढंच विधान ग्राह्य धरलं जातं. विधान खोटं असू शकतं, पण दाखवलेल्या जागी वस्तू सापडली, तर ती खोटी म्हणता येत नाही, असा त्यामागचा विचार.

नागपूरच्या २०१४ सालच्या खटल्यात हेच दिसलं. १ सप्टेंबर २०१४ रोजी आठ वर्षांच्या एका मुलाचं खंडणीसाठी अपहरण करून त्याचा खून झाला. त्यानं नागपूरच काय, सगळा विदर्भ हादरला. दोन तरुणांना अटक झाली. खून करताना कुणी पाहिलेलं नव्हतं. खटला उभा राहिला तो परिस्थितीजन्य पुराव्यावर. मुलाला नेताना पाहणारे साक्षीदार, खंडणीची मागणी आणि आरोपीनं दाखवलेल्या जागेवरून मिळालेला मृतदेह, अशा दुव्यांची साखळी जोडली गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना फाशी दिली, मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती कायम केली. पुढं सर्वोच्च न्यायालयानं फाशीऐवजी किमान पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. शिक्षा कमी झाल्याचं अनेकांना रुचलं नाही. पण एक लक्षात घ्या, दोष मात्र तिन्ही न्यायालयांत टिकला. तो लोकांच्या घोषणांमुळे टिकलेला नाही. पहिल्या काही दिवसांत तपासाचे दुवे नीट जोडले गेले, म्हणून टिकला.

हे दुवे जोडण्याच्या कामाला गर्दीचा उपयोग नसतो, उलट अडथळाच होतो. घटनास्थळी शंभर माणसं धावून गेली की पावलांचे ठसे गेलेच. कुणी प्रेमापोटी लेकराच्या अंगावर चादर घालतं आणि चादरीचे धागे पुराव्यात मिसळतात. संतापून कुणी आरोपीचं घर पेटवतं आणि घरातले रक्ताचे डाग त्यात जळून जातात. नव्या कायद्यात सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जावं, अशी तरतूद आहे. आपल्या अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पण तिथले तज्ज्ञ तपासणार काय, हे जागा किती जपली गेली यावर ठरतं. म्हणून पोलिस येईपर्यंत जागेला हात न लावणं आणि दुसऱ्यालाही लावू न देणं, ही त्या लेकरासाठी आपल्याला करता येण्याजोगी पहिली मदत आहे.

संशय आधी कुणावर जातो?

घाईघाईची अटक कुणाची होते, हेही पाहायला हवं. ज्याच्या मागं कुणी नाही, त्याची. नाशिकच्या सत्र न्यायालयात चाललेला एक खटला सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. जून २००३ मध्ये एका गरीब कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, त्यांत पंधरा वर्षांची एक मुलगी होती, तिच्यावर अत्याचारही झाला होता. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सगळ्यांना फाशी सुनावली.

आणि मग ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानंच सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण? हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेनं पोलिसांकडच्या फोटोंतून सुरुवातीलाच चार वेगळी माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. हे सहा जण खोटे गोवले गेले आणि खरे गुन्हेगार निसटले, असं न्यायालयानं म्हटलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. या सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झालं होतं. सोळा वर्षे तुरुंगात गेली. त्या मुलीला न्याय मिळाला का? नाही. कुणालाच मिळाला नाही.

आपल्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत फासेपारध्यांचे बेडे आहेत. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अनेक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो रद्द झाला. कायदा गेला, संशय गेला नाही. कुठं चोरी झाली की अजूनही पहिली नजर बेड्याकडं वळते. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले यांनी याच समाजातल्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा उभी केली. त्या नावातच सगळं आलं. ही मुलं मोठी होतील तेव्हा गावात काही घडलं, तर आपण पुरावा विचारणार आहोत की आडनाव?

पुराव्याआधीच राग निकाल देऊ लागला की काय होतं, ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यानं दाखवलं. १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडून पोटासाठी फिरत आलेले होते. मारणारे लोक आपापल्या लेकरांच्या काळजीनंच पेटले होते. एकाही लेकराला कुणी हात लावलेला नव्हता.

‘अशा माणसाला वकील कशाला?’

हा प्रश्न दर वेळी येतो. काही ठिकाणी वकील संघटनाही भावनेच्या भरात वकीलपत्र न घेण्याचा ठराव करतात. संविधानाच्या बाविसाव्या कलमात अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, असे ठराव बेकायदा आणि वकिलीच्या धर्माविरुद्ध आहेत, असं स्पष्ट सांगितलं. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर, मोरोपंत जोशी अशा वकिलांच्या अमरावतीला हे मुद्दाम समजावून सांगावं लागू नये.

शिवाय यात आपला, म्हणजे लेकराच्या बाजूचाही स्वार्थ आहे. आरोपीला नीट वकील मिळाला नाही, उलटतपासणी झाली नाही, तर वरच्या न्यायालयात तेवढ्याच कारणानं निकाल उलटू शकतो किंवा खटला पुन्हा चालवावा लागतो. म्हणजे त्या आईला पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. समोर चांगला वकील असतानाही जो पुरावा टिकतो, तोच पुढं नागपूरला आणि दिल्लीला टिकतो.

रागाची आणखी एक परीक्षा होते ती माफीच्या साक्षीदाराच्या वेळी. कोल्हापूरचं बालहत्याकांड आठवत असेल. १९९६ मध्ये अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांना अटक झाली आणि महाराष्ट्रातल्या आयांची झोप उडाली. लहान मुलं पळवायची, चोऱ्या करताना ढालीसारखी वापरायची आणि अडचण झाली की मारून टाकायची, असा तो प्रकार. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच मरण पावली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. हे पचायला जड आहे. पण बहुतेक मृत्यूंना दुसरा साक्षीदारच नव्हता. एकाला सोडल्याशिवाय दोघींचा गुन्हा सिद्ध करणं कठीण होतं. न्यायाला कधी कधी असा कडू घोट घ्यावा लागतो.

२००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी झाली, २००४ मध्ये उच्च न्यायालयानं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती फाशी जन्मठेपेत बदलली. का? गुन्हा लहान ठरला म्हणून नव्हे. दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारी यंत्रणेनं जवळपास आठ वर्षे लावली आणि त्या विलंबाचं समर्थन तिला करता आलं नाही, म्हणून. १९९६ मध्ये ज्यांनी ‘फाशी द्या’ म्हणून आरडाओरडा केला, त्यांतल्या किती जणांनी त्या आठ वर्षांत विचारलं, की फाइल कुठं अडली आहे?

रागाचा उपयोग कुठं होतो?

होतो, हे नि:संशय. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. आरोपीला अटक झालेली होती. तरी २० ऑगस्टला लोकांनी तासन् तास रेल्वे अडवली, कारण तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी पालकांना तिष्ठत ठेवलं होतं. त्या रागामुळे पोलिस अधिकारी निलंबित झाले, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. इथवर राग योग्य जागी पोचला. पुढं २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. नंतर दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांच्या सांगण्यावर गंभीर शंका घेतल्या गेल्या. आणि आरोपीच गेल्यानं, त्या दिवशी शाळेत काय घडलं, कुणी दुर्लक्ष केलं, कुणी लपवलं, हे त्याच्या खटल्यातून बाहेर यायची वाट बंद झाली.

तेव्हा राग धरावा, पण तो कामाला लावावा. लेकरू हरवल्याची तक्रार करायला गेल्यावर ‘येईल संध्याकाळपर्यंत’ असं उत्तर मिळालं, तर तिथं राग धरावा. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हरवलेल्या मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायला सांगितलं आहे. पहिल्या काही तासांत शोध लागला, तर खून टळू शकतो. अटकेनंतरच्या मोर्चापेक्षा तक्रारीच्या वेळी सोबत आलेली दहा माणसं जास्त मोलाची.

मग तपास कुठवर आला ते विचारावं. नव्या संहितेप्रमाणे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला तपासाची प्रगती कळवायची असते. कळवलं नाही, तर लेखी मागावी. सरकारी वकील कोण, साक्षीदारांना कोर्टात यायला गाडीभाडं आणि संरक्षण मिळतं का, कुणी दबाव आणतं का, हे पाहावं. गरीब साक्षीदार पाच-सहा वर्षांनी फितूर होतो, तो दर वेळी पैशांसाठी नव्हे. तारखेला जाऊन त्याची मजुरी बुडते, आणि गावात त्याच्या बाजूनं उभं राहणारं कुणी उरलेलं नसतं, म्हणूनही होतो. आरोपी सुटला, तर पीडिताच्या कुटुंबालाही अपिलाचा हक्क आहे, हेही त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आणि एक पथ्य. अत्याचाराला बळी पडलेल्या लेकराचं नाव आणि फोटो, ते मृत असलं तरी, प्रसिद्ध करायला कायद्यानं बंदी आहे. चौकात फलक लावून किंवा मोबाइलवर फोटो पाठवून आपण श्रद्धांजली वाहतोय असं वाटतं. त्या घरातल्या धाकट्या बहिणीला मात्र पुढं त्याच शाळेत जायचं असतं.

अशी घटना आपल्याकडे पुन्हा घडू नये, हीच इच्छा. पण घडलीच, तर अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोर्टासमोर पहिल्या दिवशी हजार माणसं जमतील, ते ठीकच आहे. तीन वर्षांनी जेव्हा ती आई साक्षीला येईल, मधल्या सुटीत व्हरांड्यातल्या बाकड्यावर एकटी बसेल, तेव्हा त्या हजारांतले चार जण तिच्याजवळ बसलेले असावेत. तिच्यासोबत पाण्याची बाटली असावी, डबा असावा, आणि पुढची तारीख कोणती लागली, हे त्या चौघांनी वहीत टिपून ठेवलेलं असावं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)